द्वेषाची व्याख्या

प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की आमच्या धर्मग्रामातील तरुणांना नाटकाचे वेध लागतात. वरळी कोळीवाड्यात मोकळी जागा ती किती! गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे लागते. तरीही दरवर्षी कुठल्या तरी अंगणात लाकडी मंच उभा राहतो, कुणाच्या तरी घरातील पडदे पिलाताच्या वाड्याला लागतात आणि प्रभूच्या दुःखसहनाचा प्रसंग रंगतो. समुद्रावरून थकून आलेली माणसे जाळी बाजूला टाकून येऊन बसतात. प्रभूच्या पाठीवर आसूड पडू लागला की म्हाताऱ्या बायका पदराने डोळे टिपतात. श्रद्धेचे असे निखळ रूप पाहिले की माझ्यासारख्या ग्रंथांतून धर्म शिकलेल्या माणसाची मान आपोआप लवते.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका नाटकाला मी माझ्या शाळेतील मराठीच्या सरांना आग्रहाने बोलावले होते. सर बेने इस्रायल. निवृत्त होऊन भायखळ्याला राहत होते. माझ्या हाती मराठी लेखणी दिली ती त्यांनीच. पहिल्या रांगेत, माझ्या शेजारच्या खुर्चीत ते बसले. नाटकाची संहिता मी आधी वाचली होती आणि ‘छान’ असा शेरा मारून परतही केली होती. वेशभूषा मात्र मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या अंकात प्रभूला क्रुसावर खिळण्याची मागणी करणारा जमाव मंचावर आला. पोरांनी पुठ्ठ्याची लांब, बाकदार नाके लावली होती. काहींच्या कमरेला पैशांच्या पिशव्या खुळखुळत होत्या. ‘आम्ही यहुदी!’ असे म्हणत ते दात विचकून हसले आणि समोर बसलेल्या मुलांनी ‘हुर्यो’ केली. नाटकात प्रभूच्या नाकाला काही लावलेले नव्हते. पवित्र मारियेच्या, पेत्राच्या, योहानाच्या नाकालाही नाही. जणू ती सारी मंडळी आमच्याच कोळीवाड्यातली, आणि यहुदी तेवढे कुठून तरी बाहेरून आलेले!

मी चोरट्या नजरेने सरांकडे पाहिले. ते शांतपणे मंचाकडे पाहत होते. नाटक संपल्यावर त्यांनी चहा घेतला, पोरांची पाठ थोपटली आणि जाताना मला म्हणाले, “फादर, मुलांनी मेहनत घेतली आहे. नाके तेवढी जरा मोठी झाली. येशूची आई कोणत्या समाजाची होती, हे तुम्ही त्यांना एकदा सांगा.”

त्यांच्या शब्दांत राग नव्हता. मला बोचले ते निराळेच. मी धर्मगुरू झाल्यावरही सर मला ‘अरे’ म्हणूनच हाक मारीत. त्या रात्री प्रथमच ते मला ‘फादर’ आणि ‘तुम्ही’ म्हणाले.

वाचकहो, आमच्या कोळीवाड्यापासून वरळी नाका फार दूर नाही. तेथून महालक्ष्मीकडे जाणारा रस्ता डॉ. ई. मोझेस यांच्या नावाचा आहे. १९३७–३८ मध्ये मुंबईचे महापौर झालेले हे गृहस्थ बेने इस्रायल होते. त्याच रस्त्यावर ज्यू बांधवांची दफनभूमी आहे. आपण बसमधून रोज तिच्या भिंतीवरून जातो आणि आत कोण निजले आहे याचा विचारही करीत नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची परंपरा सांगते. कुलाब्याच्या गावोगावी त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर झाले. १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवीला आपले पहिले सिनेगॉग बांधले. शतकानुशतके ते या मातीत राहिले आणि शेजाऱ्यांनी त्यांचा छळ केल्याची नोंद नाही. ही आपल्या महाराष्ट्राच्या अभिमानाची गोष्ट आहे. मग ती पुठ्ठ्याची नाके आमच्या अंगणात आली कुठून?

याचे उत्तर मला ठाऊक होते आणि म्हणूनच झोप येत नव्हती. ती नाके कोकणातली नव्हती. ती युरोपातून, जुन्या चित्रांतून, जुन्या प्रवचनांतून, म्हणजे आपल्याच ख्रिस्ती परंपरेच्या पेटाऱ्यातून आली होती.

या प्रसंगाची आठवण पुन्हा ताजी झाली ती २०२४ साली. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी लग्नानंतर अमेरिकेत न्यू जर्सीला स्थायिक झाली आहे. तिने घाबऱ्याघुबऱ्या मला लिहिले, “फादर, इकडे असा कायदा येतोय की शुभवर्तमान वाचणेही गुन्हा ठरेल म्हणतात. खरे आहे का?”

मी शोध घेतला. १ मे २०२४ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने यहुदीद्वेषाविषयीचे एक विधेयक ३२० विरुद्ध ९१ मतांनी मंजूर केले होते. शिक्षणसंस्थांमधील भेदभावाच्या तक्रारी तपासताना सरकारी शिक्षण खात्याने यहुदीद्वेषाची एक विशिष्ट व्याख्या विचारात घ्यावी, असा त्याचा आशय होता. ही व्याख्या होलोकॉस्टच्या स्मृतीसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्ये बुखारेस्ट येथे स्वीकारलेली. मूळ व्याख्या दोन वाक्यांची आहे. तिच्यासोबत अकरा उदाहरणे दिली आहेत आणि हे सारे कायद्याने बंधनकारक नाही, असेही तिथेच नमूद आहे. चाळीसहून अधिक देशांनी ती या ना त्या स्वरूपात स्वीकारली आहे.

अकरांपैकी एका उदाहरणात येशूला यहुद्यांनी मारले या आरोपाचा उल्लेख आहे. त्यावरून अमेरिकेतील काही लोकप्रतिनिधींनी ‘आता शुभवर्तमानच बेकायदा ठरणार’ अशी आवई उठवली. उदाहरण नीट वाचले तर त्याचा अर्थ वेगळा आहे. तो जुना आरोप वापरून आजच्या इस्रायलचे किंवा इस्रायली लोकांचे चित्र रंगवणे, याविषयी ते बोलते. पवित्र ग्रंथाच्या वाचनाविषयी तिथे एक अक्षरही नाही. मी मुलीला तसे कळवले. त्या साली ते विधेयक सिनेटमध्ये पुढे सरकलेही नाही.

पण तिला उत्तर लिहिताना माझे मन मलाच टोचत होते. आपल्या ग्रंथावर गदा येईल म्हणून आपण लगेच जागे होतो. त्या ग्रंथाच्या चुकीच्या वाचनाने ज्यांच्या घरांवर शतकानुशतके गदा आली, त्यांच्यासाठी आपण किती वेळा जागे झालो?

पवित्र शुक्रवारी आपण संत योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचा वृत्तांत ऐकतो. या शुभवर्तमानात ‘यहुदी’ हा शब्द सुमारे सत्तर वेळा येतो. संदर्भाने पाहिले तर पुष्कळदा तो यरुशलेममधील धर्माधिकाऱ्यांच्या गटासाठी वापरलेला आहे. लिहिणारा स्वतः यहुदी, ज्याच्याविषयी लिहिले तो यहुदी, रडणाऱ्या स्त्रिया यहुदी. तो घरातला कलह होता. घरातल्या माणसाचे कठोर शब्द परक्याच्या हाती पडले की त्यांचे शस्त्र होते, आणि इथे तसेच घडले. मध्ययुगात युरोपातील अनेक गावांत पवित्र सप्ताह आला की यहुदी कुटुंबे दारे लावून बसत, कारण चर्चमधून बाहेर पडणारा जमाव काय करील याचा नेम नसे.

हे सारे दूरच्या देशांत घडले म्हणून सुटका करून घ्यायची सोयही आपल्याला नाही. मुंबई बेट पोर्तुगीज अमलात असताना ते काही काळ गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्याचा वनौषधींवरील प्रसिद्ध ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तो यहुदी वंशाचा होता आणि बाहेरून ख्रिस्ती म्हणून जगला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. १५६८ मध्ये ओर्ता वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये खुद्द त्याची हाडे उकरून जाळली गेली. हे ज्यांनी केले त्यांच्याकडेही व्याख्या होती. ‘छुपा यहुदी’ कसा ओळखावा याची लक्षणे त्यांनी लिहून काढली होती. शनिवारी स्वच्छ कपडे घालणे, डुकराचे मांस टाळणे असल्या गोष्टी त्यांच्या लेखी पुरावा ठरत.

ख्रिस्तसभेला आपली चूक उमगायला फार उशीर झाला, पण ती उमगली. पवित्र शुक्रवारच्या प्रार्थनेत यहुद्यांसाठी एक अपमानकारक विशेषण होते. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये ते काढून टाकले. पुढच्याच वर्षी झ्यूल इझाक हे वृद्ध फ्रेंच इतिहासकार त्यांना भेटले. त्यांची पत्नी आणि मुलगी नाझींच्या हत्याकांडात बळी पडली होती. ख्रिस्ती शिकवणुकीतील तिरस्कार दूर करा, एवढीच त्यांची मागणी होती. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा २२२१ विरुद्ध ८८ मतांनी स्वीकारला. प्रभूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले. गोरेगावच्या सेमिनरीत मी हे सारे शिकलो होतो, परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. आणि तरीही माझ्याच अंगणात, माझ्याच ‘छान’ या शेऱ्यासह, ती नाके मंचावर आली.

म्हणून द्वेषाला नाव हवे, त्याची लक्षणे लिहून ठेवायला हवीत, असे मला मनापासून वाटते. ज्याला नाव नाही तो रोग वैद्याला दिसत नाही. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जमलेली अकरा माणसे मारली गेली. २००८ च्या नोव्हेंबरात आपल्याच मुंबईत, कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये, धर्मगुरू गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांना पाहुण्यांसह ठार करण्यात आले. त्यांच्या चिमुकल्या मोशेला सँड्रा सॅम्युएल या दाईने उचलून बाहेर आणले. असे घडल्यावर ‘हा द्वेष वेगळा ओळखण्याची काय गरज?’ असे विचारणे क्रूरपणाचे आहे.

तथापि लक्षणे ओळखणे एक आणि ती दंडसंहितेत लिहिणे दुसरे. शब्द कायद्यात गेला की त्याचा अर्थ शिक्षकाच्या हाती राहत नाही. तो फौजदाराच्या आणि कारकुनाच्या हाती जातो. हे आमच्या कोळीवाड्याला कुणी शिकवायला नको. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वस्तीला सारे कोळीवाडा म्हणत आले, तिच्या काही भागावर सरकारी कागदात ‘झोपडपट्टी’ हा शब्द उमटला तेव्हा इथली माणसे चवताळून उठली. घरे तीच, माणसे तीच, पण एका शब्दाने मालक होता तो अतिक्रमण करणारा ठरू पाहत होता.

कॅथलिक म्हणूनही हा अनुभव आपल्या गाठीशी आहे. १९६७ मध्ये ओरिसाने धर्मांतरविरोधी कायदा केला. त्यातील ‘प्रलोभन’ या शब्दाची व्याख्या इतकी सैल होती की १९७२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने तिच्यावर बोट ठेवले. मध्य प्रदेशच्या तशाच कायद्याविरुद्ध स्टॅनिस्लॉस नावाचे धर्मगुरू न्यायालयात गेले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र दोन्ही कायदे वैध ठरवले. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात तर धर्मसंस्थेच्या नामांकित शाळेतील मोफत शिक्षणही प्रलोभनात गणले आहे. उद्या गरीब पोराची फी माफ करणाऱ्या मुख्याध्यापिका सिस्टरने काय करावे? फसवून धर्मांतर करू नये हे कुणीही मान्य करील. घोडे अडते ते व्याख्येशी.

दुखावलेल्या धार्मिक भावनांचा कायदाही आपल्याला परिचित आहे. १९२७ मध्ये ‘रंगीला रसूल’ प्रकरणानंतर दंडसंहितेत २९५-अ हे कलम आले. आता भारतीय न्याय संहितेत ते २९९ वे आहे. त्यात ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ ही अट आहे आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच अटीच्या आधारे ते कलम टिकवले. ही अट म्हणजे कायद्याची शुद्ध आहे. ती सुटली की धर्मोपदेशक, नाटककार, व्यंगचित्रकार आणि शेजारी सारेच आरोपी होऊ शकतात. आमची ती पोरेसुद्धा! त्यांच्या मनात दुष्ट हेतू नव्हता. अज्ञान होते, आणि त्या अज्ञानाला जबाबदार मी होतो. कुणी तक्रार करून त्यांना चौकीवर नेले असते तर ती यहुद्यांविषयी काय शिकली असती? ज्यांच्यामुळे मार खाल्ला ते, एवढेच.

गंमत अशी की हीच शंका मूळ व्याख्येच्या प्रमुख लेखकालाही आहे. केनेथ स्टर्न हे अमेरिकन ज्यू कायदेपंडित. २०१६ च्या व्याख्येचा आधार असलेला २००५ चा मसुदा मुख्यतः त्यांनी तयार केला. घटनांची मोजदाद करणाऱ्यांना एक समान माप असावे हा हेतू होता. विद्यापीठांतील भाषणांवर कायद्याचा बडगा म्हणून ते वापरणे त्यांनी जाहीरपणे नाकारले आहे. २०२१ च्या मार्चमध्ये या विषयातील अनेक अभ्यासकांनी ‘जेरुसलेम जाहीरनामा’ म्हणून दुसरी व्याख्या पुढे ठेवली. यहुदी माणसाचा यहुदी म्हणून द्वेष आणि इस्रायल सरकारवरील टीका, मग ती कितीही कडक असो, यांतील रेषा स्पष्ट करण्याचा तिचा प्रयत्न आहे. पहिल्या व्याख्येचे समर्थक म्हणतात की इस्रायलवरील टीकेच्या आडून जुना द्वेष बोलतो, त्याचे काय? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

हा प्रश्न माझ्या वेदीपर्यंत आला आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली, शेकडोंना ओलीस नेले. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो हजार माणसे मेली, त्यांत असंख्य मुले. तेथील पवित्र कुटुंब चर्चला पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करीत. १७ जुलै २०२५ रोजी त्या चर्चवरही तोफगोळा आदळला आणि तिघे दगावले. आम्ही मिस्सामध्ये गाझासाठी प्रार्थना केली. ही प्रार्थना कुणाच्या व्याख्येत द्वेष ठरणार असेल तर ती व्याख्या मी मानणार नाही. परंतु प्रार्थनेनंतर बाहेर पायऱ्यांवर एक तरुण म्हणाला, “फादर, ही जातच तशी आहे,” तेव्हा मला थांबून त्याच्याशी बोलावे लागले. सरकारची कृती आणि सरांचे नाक यांचा संबंध जोडणारा तो एक शब्द, ‘जात’, तोच द्वेषाचा उंबरठा होता. तो मला ओळखता आला, कारण मी त्या अकरा उदाहरणांचा अभ्यास केला होता. व्याख्येचा खरा उपयोग मला तिथे झाला.

कायद्याने हात चालवणाऱ्याला, चिथावणाऱ्याला, घर किंवा नोकरी नाकारणाऱ्याला जरूर पकडावे. त्यासाठी शब्द काटेकोर आणि हेतूची अट पक्की असावी. उरलेले काम आपले आहे. आपल्याकडे कडक शिक्षकाला सहज ‘हिटलर’ म्हणतात आणि त्यात कौतुकही असते. २००६ मध्ये खारघरला एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव दिले गेले. ज्यू बांधवांनी आक्षेप घेतला, बोलणी झाली आणि मालकाने नाव बदलले. कुणी तुरुंगात गेले नाही आणि शहाणपण मात्र पसरले.

आता पुन्हा सरांकडे वळतो. पुढच्या प्रायश्चित्तकाळापूर्वी मी नव्या नाटकाची संहिता घेऊन त्यांच्या भायखळ्याच्या घरी गेलो. दाराच्या चौकटीवर मेझुझा होता, आत भिंतीवर मराठी दिनदर्शिका. मी क्षमा मागितली. त्यांनी हाताने ‘असू दे’ अशी खूण केली आणि त्यांच्या मामांची हकीकत सांगितली. मामा इस्रायलला गेले होते. तिथे १९६२ च्या सुमारास मुख्य धर्मगुरूंनी फर्मान काढले की बेने इस्रायल माणसाचे लग्न लावण्यापूर्वी त्याच्या पूर्वजांची चौकशी करावी. दोन हजार वर्षे शब्बाथ पाळला, आणि आता यहुदी असल्याचा दाखला द्या! बेने इस्रायल रस्त्यावर उतरले. १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदीच आहेत असा ठराव केला तेव्हा कुठे प्रकरण मिटले. “आम्हाला इथे कुणी विचारले नाही आणि तिथे आमच्याच माणसांनी विचारले,” सर हसून म्हणाले. “व्याख्या करणारा नेहमी दुसऱ्याची करतो.” महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचा मात्र त्यांना आनंद होता. ज्या समाजाची गणना ‘इतर’ या रकान्यात होत होती त्याला स्वतःचे नाव मिळाले होते.

मग त्यांनी चष्मा लावला, लाल पेन काढले आणि माझी संहिता तपासायला घेतली. तासाभराने वही परत केली. शेवटच्या पानावर शेरा होता: ‘शुद्धलेखनाच्या चुका १९. विचाराच्या २.’ त्या दोन जागा त्यांनी समजावून सांगितल्या. जमावाच्या तोंडी ‘आम्ही यहुदी’ ऐवजी ‘आम्ही लोक’ घालावे, आणि शेवटच्या भोजनाच्या प्रसंगात येशूने हिब्रू आशीर्वाद म्हणावा. तो आशीर्वाद त्यांनी आमच्या पोराला स्वतः शिकवला.

त्या वर्षी जमावातल्या पोरांनी आपापलेच कपडे घातले. कुणी बर्म्युडा, कुणी लुंगी. प्रभूला खिळा म्हणून ओरडणारी ती तोंडे आमच्याच गल्लीतली आहेत हे प्रेक्षकांना कळले, आणि अंगणात कधी नव्हे इतकी शांतता पसरली. ख्रिस्तसभा शिकवते तेही हेच, की प्रभूला खिळणारे आपले पाप आहे.

आता दर पवित्र शुक्रवारी दुःखसहनाचे वाचन सुरू होण्यापूर्वी मी दोन वाक्यांत लोकांना या शब्दाचा अर्थ सांगतो. माझ्या देशात तसा कायदा नाही आणि तो असावा अशी माझी मागणीही नाही. पण सरांच्या घरून निघताना जिन्यावरून त्यांची हाक आली होती, “अरे, पुढच्या वेळी ऱ्हस्व-दीर्घ बघून आण!” त्या ‘अरे’ला जागायचे आहे.